ओल्या भिंतीवर तापलेला पेंटर

जुनी भिंत खरवडायला घेतली ना भो, का चुन्याखालून निळा निघतो, निळ्याखालून पिवळा, पिवळ्याखालून कोणाच्या तरी आज्याच्या टायमाचा गेरू. आमच्या तिघांचे किस्से तसेच. एक खरवडला का खालून दुसरा!

तिघं म्हणजे उत्तमनाना, सुपडू अन् मी, लोटन. काम बाहेरच्या भिंती रंगवायचं. जळगाव म्हणा, धुळे म्हणा, बोलावलं तिथं शिडी घेऊन हजर. नाना आमचे उस्ताद. सुपडूला कशाचंही हसू येतं. अन् मी डोक्याने गरम. इतका, का माझं लगीनच जमत नव्हतं! तीन ठिकाणी बोलणी झाली, तिन्ही मी स्वतः मोडून आलो. एका ठिकाणी पोरीचा बाप म्हणे, "जरा शांत बसा." मी म्हटलं, "तुम्ही कोण सांगणारे?" तो खरोखरच कोणी राहिला नाही मग.

अन् आमच्या धंद्यात डोकं तापायचा सीझन म्हणजे हिवाळा. लोकांना लगीनसराईच्या आधी घर चकाचक पाहिजे. अन् तेव्हाच धुक्याची धुई पडते, मावठा येतो, भिंतीला दुपारपर्यंत घाम. वल्या भिंतीवर रंग धरत नाही, पापडासारखा निघतो. हे गिऱ्हाइकाला सांगायचं कोणी? मी सांगायचो. म्हणून तर भांडणं!

*

थंडीत हात बधिर होतात. भिंत वली आहे का नुसती गार, बोटाला समजत नाही. म्हणून नाना गाल लावून बघायचे. डोळे मिटून, चांगली दोन मिनिटं.

पारोळ्याला नाना असेच एका घराला चिकटलेले. आतून म्हातारी आली. तिला वाटलं, हा रडतोय.

"काय व्हयनं बाबा? कसाले रडी ऱ्हायना?"

नाना डोळे न उघडता म्हणे, "आजून वली शे अक्का. आजून वली शे."

म्हातारी धावत आत. लेकाला हलवून म्हणे, "ऊठ रे! घरना जुना मालक येल शे, भिंतले धरीसन रडी ऱ्हायना! कागदं लपाड!"

*

चोपड्याला केळीवाले एक आबा होते. मी सांगितलं, आबा, भिंत वाळू द्या, चार दिवस थांबा. आबा म्हणे, थांबायला टाइम नाही. मग माझं तोंड सुटलं, अन् मी शिडी उचलून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी आबांनीच निरोप धाडला, या, भिंत वाळली. गेलो. आबांनी भिंतीला लागून कपाशीच्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवली होती, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत! भिंत खडखडीत कोरडी. अन् काळीकुट्ट, जशी काही चुलीमागची.

आबा मिशीवर हात फिरवून म्हणे, "घ्या! तुमचे चार दिवस, माझी एक सकाळ!"

मी म्हटलं, "आबा, आता रंग राहू द्या. खडू आणा अन् पाढे लिहा!"

*

अमळनेरच्या गुर्जींना मात्र मी प्रेमाने समजवलं. माझ्या मानाने प्रेमाने. चार दिवस रोज सांगायचो, भिंत वली आहे, नाही मारणार. पाचव्या दिवशी ऊन पडलं, सिमेंटचा रंग मारला. सहाव्या दिवशी सुपडू बादली घेऊन भिंतीवर सपासप पाणी मारतोय!

गुर्जी टॉवेलवर पळत आले. "अरे, चार दिवस वली वली म्हणून माझा जीव खाल्ला, अन् आता स्वतःच वली करता?"

मी म्हटलं, "गुर्जी, पाझरत्या भिंतीवर हा रंग धरत नाही. पण एकदा धरला, का वरून पाणी पाजावंच लागतं."

गुर्जींनी भिंतीकडे बघून मान हलवली. "आधी पाजलं तर बिघडतो, नंतर नाही पाजलं तर बिघडतो! तीस वर्षं मास्तरकी केली, असं कार्टं नाही पाहिलं."

*

दोंडाईच्याला एका शेठचं कंपाउंड आकाशी मारलं. धुई अशी, का संध्याकाळपर्यंत रंग ओलाच. रात्रीतून कोणाची तरी म्हैस येऊन अंग घासून गेली.

सकाळी म्हैसवाला म्हैस ओढत हजर. मी आधीच तापलेलो. म्हटलं, "माझा रंग खाल्ला हिने! भिंत कोण भरून देणार?"

तो माझ्यापेक्षा गरम. "अन् मन्ही म्हैस? पारडू वळखत नही, जोडे येत नही! एक बाजू काळी, एक आकाशी. बजारमा काय सांगू?"

"मग मी काय करू?"

"दुसरी बाजू बी मारी दे!"

*

शेवटी नानांनीच माझ्यासाठी पोरगी शोधली. धुळ्याला, देवपुरात. पोरीचे वडील सुखदेवभाऊ, मिलमधून रिटायर. त्यांना घर रंगवायचंच होतं. नाना त्यांना म्हणे, "पोरगा बघायचा तर कामावर बघा." अन् मला म्हणे, "लोटन, तीन दिवस तोंड उघडायचं नाही. हे मोडलं तर मी पुन्हा तुझ्यासाठी कोणाच्या दारात उभा राहणार नाही."

पहिल्या दिवशी भिंतीवरून थेंब ओघळताय. सुखदेवभाऊ मफलर गुंडाळून समोर खुर्चीवर. म्हणे, "मारा!" मी नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मारला. सुपडू कानात म्हणे, "लोटन, ताप आला का तुला?"

दुसऱ्या दिवशी झिमझिम पाऊस. कालचा रंग ओट्यावर उतरलेला. भाऊ म्हणे, "जाड मारा, म्हणजे धरेल!" मी ब्रशचा दांडा दातात धरला. भाऊ नानांना म्हणे, "पोरगा गरीब दिसतो हो."

तिसऱ्या दिवशी भिंतीला हे एवढाले फोड. भाऊंनी चष्मा लावून बघितलं. म्हणे, "वरून अजून एक हात मारा, दबून जातील."

झालं!

"भाऊ, ही भिंत आहे का चहातला पाव? तीन दिवस मी पाप करून राहिलो! होळीपर्यंत सगळे पोपडे खाली पडतील, अन् लोक म्हणतील लोटनने रंगवलं! खुर्ची उचला, बाजूला व्हा!"

बादली घेतली, खराटा घेतला, अन् भाऊंच्या डोळ्यांदेखत सगळी भिंत धुऊन काढली. तीन दिवसांचं काम गटारीतून वाहून गेलं. नाना शिडीच्या पायरीवर डोकं धरून बसले. म्हणे, "गेलं. हेबी गेलं."

तेवढ्यात दार उघडून पोरगी बाहेर आली. हाताला पीठ. भिंत बघितली, मग बापाकडे वळली.

"बाबा, मी परवापासून काय सांगून राहिली? भिंत वली आहे, भिंत वली आहे!"

मग माझ्याकडे.

"अन् तुम्ही? तुम्हाला तर समजत होतं ना? मग तीन दिवस तोंडात चुना भरला होता का?"

मी खराटा भिंतीला टेकवला. जन्मात पहिल्यांदा कोणाला म्हटलं, "चुकलं."

नाना उठले. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली.

"भाऊ," म्हणे, "तारीख काढा."