जावईबापू जेवेनात

आमच्या मत्स्यालयात फ्रीजकाका लागले ते काही माशांच्या प्रेमापोटी नव्हे. माशांचा त्यांना वाससुद्धा सहन व्हायचा नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते चालेनासं झालं होतं. हल्ली फ्रीज बिघडला की लोक दुरुस्त करत बसत नाहीत, नवा आणतात. शेवटी काकांनी शटर ओढलं आणि थंड पाण्याच्या टाक्यांची यंत्रं सांभाळायला ते आमच्याकडे आले. पन्नाशी उलटलेला, बुटका, सदा घाईत असलेला माणूस. मी तिकीटखिडकीवर असायचे. सकाळी खिडकीच्या काचेवर टिचकी मारून ते आत जायचे आणि थोड्याच वेळात मागून त्यांचा आवाज ऐकू यायचा. यंत्रांना ते नावानिशी झापायचे, आणि गंमत म्हणजे यंत्रं त्यांचं ऐकायची.

इमारतीच्या पार मागच्या टोकाला एक अंधारी खोली होती. दारावर पाटी होती ‘खोल समुद्र’. आत खोल समुद्रातलं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. बरण्यांमध्ये पांढरे पडलेले चार-दोन मासे. त्यातल्या एकाच्या कपाळावर काठी आणि काठीच्या टोकाला दिव्याची गोळी होती, पण ती आता कापसाच्या बोळ्यासारखी दिसायची. बाकी भिंतभर चित्रं. लोक आत जायचे, अंधारात एकमेकांच्या पायावर पाय द्यायचे आणि बाहेर यायचे. या खोलीला लागूनच यंत्रांची खोली, म्हणजे काकांचं राज्य.

एक दिवस बंदरावरून फोन आला. खोल पाण्यात खेकड्यांसाठी सोडलेल्या पिंजऱ्यात भलतंच काहीतरी आलंय, जिवंत आहे, पाहिजे का? आमच्या डॉक्टरीणबाई, म्हणजे माशांच्या डॉक्टर, हातातला चहा टाकून धावल्या. दुपारी त्या बर्फाच्या पाण्याची पेटी घेऊन परतल्या आणि आम्ही सगळे त्या पेटीवर वाकलो.

कुंडी उचलली की खाली बारीक राखाडी किडे असतात ना, हात लावला की गोळी होऊन बसणारे? तो किडा मनगटापासून कोपरापर्यंत वाढला तर कसा दिसेल, तसा तो होता. पाठीवर एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांचं फिकट जांभळट कवच, पायांच्या सात जोड्या, आणि तिकोनी डोळे, मांजरासारखे चमकणारे.

“हे खायचं की बघायचं?” काकांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. “काका, हा राहतो तिथे उजेड पोचतच नाही. झाडं नाहीत, शेवाळं नाही. वरून जे पडेल ते खायचं. मेलेला मासा, नशीब फळफळलं तर अख्खा देवमासा. मिळालं की पोट फुटेस्तोवर खायचं, नाही तर वाट बघत पडून राहायचं.”

“एवढ्या खालून वर आणला, तर फुटला कसा नाही?”

“पोटात हवेची पिशवी असते ते मासे फुगतात. याच्या अंगात हवाच नाही.”

काकांना हे पटलं. हवा आणि दाब त्यांच्या धंद्यातल्या गोष्टी होत्या. त्यांनी ‘खोल समुद्र’च्या खोलीत एक टाकी मांडून तिच्यात फ्रीजच्या पोटातल्याइतकं थंड पाणी तयार ठेवलं, डॉक्टरीणबाईंनी टाकीवर मंद लाल दिवा लावला. तो रंग या प्राण्याला दिसत नाही म्हणे. मग लांब चिमट्याने एक बांगडा आत सोडला. पाहुणा क्षणभर थांबला आणि तुटून पडला. डोकं, कल्ले, काटे, काही ठेवलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेच त्याचं आमच्याकडचं पहिलं आणि शेवटचं जेवण.

दुसऱ्या दिवशी मासा दिला, तो त्याने नाकारला. आठवड्याने दिला, तेव्हाही तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हरकत नाही, हे महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. तेवढ्यात टाक्यांना खाणं घालणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि आमच्या साहेबांनी काकांना बोलावलं.

“तुम्ही तिथेच असता ना? तेवढं त्याला भरवत जा.”

“साहेब, मी मेकॅनिक आहे.”

“मग काय झालं? थंड पाणी तुमचं, तर पाण्यातलाही तुमचाच.”

अशी ती ब्याद काकांच्या गळ्यात पडली. त्यांनी आधी बांगडा दिला, मग माकूळ, मग खेकड्याचा पाय, मग माशाचं नुसतं डोकं. तुकडा तोंडाखाली धरायचा, हलवायचा, कवचावरून फिरवायचा. कधी कधी तो पुढच्या पायांनी तुकडा कवटाळायचा आणि काका श्वास रोखून उभे राहायचे. तो पकडून ठेवायचा, उलटासुलटा करायचा आणि सोडून द्यायचा. एकदा तर सगळं अंग उलटं करून पाठीवर पोहत टाकीभर फिरला आणि कोपऱ्यात जाऊन काचेकडे पाठ करून बसला.

झाडलोट करणाऱ्या मावशी बघत होत्या. “सगळ्यांनी पुढं पुढं करायचं आणि यांनी तोंड फिरवून बसायचं. जावईबापूच की हे!”

नाव चिकटलं. साहेबही येता-जाता विचारायला लागले, “काय, जेवले का जावईबापू?” आधी सगळे हसायचे. पुढे काका त्या प्रश्नाने पेटायला लागले.

त्यांचा त्रास मला कळत होता. यंत्र बंद पडलं तर त्याला कारण असतं. गॅस गळतो, तार जळते, पंखा अडकतो. उघडायचं, शोधायचं, बसवायचं. आणि इथे? पाणी ठीक, थंडी ठीक, मासा ताजा, आणि तरीही काम होत नाही. “उघडून बघता येत नाही हो याला,” ते मला म्हणाले होते. असे चिडून म्हणाले, जणू मीच त्याला बंद करून ठेवलं होतं.

काकू अधूनमधून डबा द्यायला यायच्या. त्यांनीच मला घरची गोष्ट सांगितली. काका संध्याकाळी ताटावर बसले आणि घास हातात धरून म्हणाले, “आज पण नाही जेवला.”

“कोण?”

“तो.”

“इतकी वर्षं झाली लग्नाला,” काकू म्हणाल्या, “मी जेवले का, असं एकदा तरी विचारलंत?”

“अगं, तू जेवतेस! न जेवणाऱ्याची काळजी वाटते माणसाला.”

काकूंनी तिथल्या तिथे आपलं ताट बाजूला सारलं. काकांनी कपाळाला हात लावला. “आता घरी पण सुरू झालं का!” शेवटी त्यांनी काकूंना तीनदा आग्रह केला, तेव्हा कुठे त्या जेवल्या. हे सांगताना काकू इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. काका मात्र हसत नव्हते.

माणसांचाही वैताग होताच. ‘समुद्रतळाचा राक्षस’ असा फलक साहेबांनी दारावर लावला होता. लोक राक्षस बघायला यायचे आणि लाल अंधारात त्यांना दगडासारखं काहीतरी दिसायचं. “मेलंय का हे?” “प्लास्टिकचं असणार.” मग ती माणसं माझ्या खिडकीवर येऊन भांडायची. एका गृहस्थाने तर मोबाईलचा झोत थेट टाकीत मारला आणि काच बदडायला सुरुवात केली. काका चिमटा घेऊनच बाहेर आले.

“तुमच्या तोंडावर मी बॅटरी मारू का? मारू का?”

तक्रार झाली. साहेबांनी काकांना त्या गृहस्थाची माफी मागायला लावली. ती त्यांनी मागितली, पण अशी, की माफी घेणाऱ्याचीच मान खाली गेली. वर साहेबांनी हुकूम काढला, टाकीवर चांगला दिवा लावा, लोकांना दिसलं पाहिजे. काका म्हणाले, दिव्याने पाणी तापेल. साहेब म्हणाले, मग जास्त थंड करा. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या आणि दिवा रद्द झाला. काका मात्र दिवसभर यंत्रांनाच झापत राहिले.

डॉक्टरीणबाई त्यांची समजूत घालायला खोल समुद्रातल्या गोष्टी सांगायच्या. तळाला कुठे कुठे उकळतं पाणी वर येतं आणि त्याच्याभोवती नळीसारखे लांब किडे राहतात. त्यांना तोंड नाही, आतडं नाही. त्यांच्या पोटातले जंतू रसायनांवर जगतात आणि किड्याला पोसतात.

“तोंडच नाही?” काका म्हणाले. “मग तो आणायचा होता. भरवायची कटकट तरी नव्हती.”

असं वर्ष सरलं आणि एका सकाळी काका धावत माझ्या खिडकीपाशी आले. काय बोलताहेत ते मला आधी कळेचना. आम्ही सगळे मागे पळालो. टाकीच्या तळाशी अर्धं कवच पडलं होतं, आणि जावईबापूंचा मागचा अर्धा भाग कोवळा, जवळजवळ पांढरा झाला होता. पुढचा अर्धा होता तसाच, जुनाट.

डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसल्या. “कात टाकतोय! हे दोन टप्प्यांत टाकतात काका. आधी मागची, मग पुढची. उपासही त्यासाठीच असेल कदाचित.”

काकांचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा सैल झालेला पाहिला. कारण सापडलं होतं. बिघाड नव्हताच, काम चालू होतं! त्यांनी काकूंना बोलावून टाकी दाखवली, आमच्या सगळ्यांना चहा पाजला. साहेबांनी फलक बदलला, वार्ताहर बोलावले. कुणीतरी फोटो काढला, त्यात काका टाकीशेजारी असे उभे होते, जणू घरात बारसं आहे.

मग पुढच्या अर्ध्या भागाची वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी काका टिचकी न मारताच खिडकीसमोरून पळत जायचे आणि परत येऊन नुसती मान हलवायचे. महिना गेला, दुसरा गेला. मागचा भाग टणक झाला, त्याचा रंग पुन्हा जांभळट व्हायला लागला. पुढचा तसाच. लोक विचारून विचारून कंटाळले. वार्ताहर यायचे बंद झाले. साहेबांनी फलक उतरवला.

“हाताने सोडवता नाही येणार?” काकांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. “मी हळूच करीन. नाजूक कामं केलीत मी.”

“नाही काका. हात लावला तर मरेल.”

“आणि नाही लावला तर?”

त्यांनी टाकीतल्या पाण्याची थंडी पुन्हा एकदा मोजली.

त्यातच एका भर दुपारी थंड करणारं यंत्र बंद पडलं. काका त्या यंत्रावर असे तुटून पडले, की त्यांना मदत करायला जायचीही भीती वाटली. बर्फाच्या पिशव्या टाकीत सोडायला मावशींना सांगितलं, स्वतः अर्धे यंत्रात शिरले. एक झडप बदलली आणि यंत्र पुन्हा घरघरायला लागलं. पाणी कोमट व्हायच्या बेतात होतं, तेवढ्यात सावरलं. बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या हातून एक गोष्ट दुरुस्त झाली होती.

त्यानंतर पंधरवड्याने जावईबापू गेले. सकाळी पाय वर करून पडले होते. अंगावर पुढचं कवच तसंच.

साहेब सरळ म्हणाले, “त्या दिवशी यंत्र बंद पडलं, त्यानेच.” डॉक्टरीणबाईंनी प्राणी उघडून पाहिला, आणि काका दाराबाहेर उभे राहिले, दवाखान्याबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे.

“यंत्रामुळे?” त्या बाहेर येताच त्यांनी विचारलं.

“मला तसं नाही वाटत.”

“वाटत नाही, की नाहीच?”

“काका, आत नवं कवच तयार होतं. जुनं सुटलं नाही. का सुटलं नाही ते मला कळलं नाही.”

“दुसऱ्या कुणाला विचारा. मोठ्या डॉक्टरला.”

“विचारलं. त्यांनाही माहीत नाही. खाली हे कसे जगतात, कात कशी टाकतात, कुणी बघितलेलंच नाही. तिथे जाऊन बसणार कोण?”

“म्हणजे माझी चूक होती का नव्हती, हे मला कधीच कळणार नाही?”

“नाही,” त्या म्हणाल्या.

काकांनी राजीनामा लिहिला, काकूंनी तो फाडला. ते पुन्हा यंत्रांच्या खोलीत यायला लागले. रिकाम्या टाकीचं पाणी मात्र त्यांनी थंडच ठेवलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, यंत्र बंद ठेवलं तर गंजतं.

पुढच्या हिवाळ्यात बंदरावरून परत फोन आला. या वेळी तसेच दोन होते. डॉक्टरीणबाईंनी काकांना मुद्दाम बोलावून आणलं, चिमटा त्यांच्याच हातात दिला. ते नको नको म्हणत होते. मासा आत गेला आणि दोघेही धावले, एकमेकांच्या अंगावर चढून, ढकलाढकली करत. पाणी गढूळ झालं. तीन दिवसांनी पुन्हा दिला, पुन्हा खाल्ला. आठवड्याने, पुन्हा. सगळ्यांना आनंद झाला. मावशींनी तर हात जोडले.

“का?” काका म्हणाले.

“काय का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“टाकी तीच. पाणी तेच. मासा तोच. हात माझेच. मग हे का खातात आणि तो का खात नव्हता?”

“खरंच माहीत नाही काका.”

“माहीत नाही, माहीत नाही! दुसरं काही येतं का तुम्हाला?”

असं ते त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते. लगेच ओशाळले. डॉक्टरीणबाईंनी वाईट वाटून घेतलं नाही, त्या म्हणाल्या, “नाही येत. म्हणून तर रोज येते.” काकांनी चिमटा धुतला, पुसला, खिळ्याला अडकवला.

अजूनही तेच भरवतात. दोघंही चांगले गुबगुबीत झालेत आणि लोक आता तक्रार करत नाहीत. परवा डबा खाताना मी म्हटलं, “काय काका, आता तरी खूश ना?”

“खातात मेले,” काका म्हणाले, आणि उठून यंत्रांच्या खोलीत गेले. दार जरा जोरातच लागलं.