चेंबरात ठेवलेला लॅपटॉप

नाव गुंडा, पण तासगावात त्याच्याइतका भित्रा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अकरा वर्षं तो कॉम्प्रेसर सांभाळत होता, आणि अकरा वर्षांत मालकांसमोर त्याच्या तोंडून "व्हय मालक"शिवाय दुसरं काही निघालं नव्हतं. त्याच "व्हय"पायी कोंडीबाचा डोळा गेला. अमोनियाचा वाल्व्ह गळतोय हे गुंडानं आदल्या दिवशीच बघितलं होतं. मालक म्हणाले, "चालू करा." हा म्हणाला, "व्हय." आणि वायूचा फवारा जोडीदार कोंडीबाच्या तोंडावर बसला. गुंडाला ठाऊक होतं हे कुणालाच कळलं नाही. पण बाजारात कोंडीबा दिसला की हा बापडा गल्ली बदलायचा.

सत्त्याण्णवच्या मार्चात मालक वीरधवल पाटलांनी पुण्याहून लॅपटॉप आणला. द्राक्षं परदेशी धाडायची तर ती ठेवलेल्या थंड चेंबरचं तासातासाचं तापमान दाखवावं लागे. मालक ते स्वतः टाइप करायचे, आणि कागदाची वही त्यांनी बंदच करून टाकली. हौस दांडगी! सगळी नोंद आता त्या डब्याच्या हार्ड डिस्कमध्ये. कंटेनर जायच्या दिवशी दुपारी पत्र्याच्या ऑफिसात टेबलाला हात लावला तरी चटका बसत होता. लॅपटॉप खालून तापला आणि आतून कटकट आवाज यायला लागला.

"डिस्क तापली," मालक म्हणाले. "आरं, आपल्याकडं गारव्याला काय तोटा हाय? बंद करून ठेव चेंबरात."

"व्हय मालक." झालं!

चार वाजता तपासणीचे साहेब आले. नोंद बघितल्याशिवाय ते सही करणार नव्हते, आणि सहीशिवाय कंटेनर हलणार नव्हता. गुंडानं लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. झाकणावर पाणी धरलं होतं. थेंब कडेच्या फटीकडं ओघळत होते. चेंबरातली पेटी उन्हाळ्यात बाहेर काढली की अशीच घामेजते आणि आत घडसुद्धा ओले होतात, हे त्यानं हजारदा बघितलं होतं. म्हणजे ह्याच्याही आत पाणी असणार. त्यात वीज सोडली की सगळं खलास. मालकांचं बोट बटणाकडं निघालं.

एवढ्यात गुंडाला कोंडीबाचा तो पांढरा डोळा आठवला, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यानं मालकांचं मनगट धरलं.

"न्हाई मालक. आत पानी झालंय. लावू नगा."

"हात सोड."

"कामावरनं काढा, पर लावू नगा!"

साहेबांनी झाकणावरून बोट फिरवलं, ओलं बोट बघितलं. "सातपर्यंत थांबतो," ते म्हणाले.

गुंडानं लॅपटॉप टिपला, उघडून पंख्यासमोर ठेवला आणि शेजारी बसून राहिला. भीती कमी कसली होतेय, उलट वाढली! चालू झाला नाही तर खापर ह्याच्याच डोक्यावर. दर थोड्या वेळानं तो खाली तळहात लावून बघायचा. गार. अजून गारच.

साडेसहाला साहेबांनी घड्याळ बघितलं. मालकांनी बटणापर्यंत हात नेला आणि थांबले.

"गुंडा, लावू का आता?"

अकरा वर्षांत त्याला कुणी असं विचारलं नव्हतं. त्यानं पुन्हा तळहात लावला. कोमट होतं, कोरडं होतं. "लावा," तो म्हणाला आणि डोळे गच्च मिटून घेतले. डिस्क फिरल्याची बारीक घरघर ऐकू आली, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कोंडीबा समोरून आला. ह्या वेळी गुंडानं गल्ली बदलली नाही.

"कोंडीबा," तो म्हणाला, "त्यो वाल्व्ह गळतुया, हे मला आदल्या दिशीच ठावं हुतं."