टिकलीची जागा

सुट्टीत घरी आले तेव्हा आईच्या फोनवर, काचेच्या खालच्या कडेला, लाल टिकली अजून चिकटलेली दिसली. कॉलेजला जाताना मीच ती लावली होती. आईला वाचता येत नाही. "टिकलीच्या बरोबर वर बोट ठेवलंस की मी दिसेन," असं सांगून गेले होते, आणि दोन महिने रोज संध्याकाळी ती मला दिसायची.

मग तिचे व्हिडिओ कॉल थांबले. मी साधा फोन करायचे, त्यावर ती बरं आहे म्हणायची. मला वाटलं, कंटाळली असेल. त्याच दिवसांत लोक ॲप वापरणं का सोडतात, यावर आम्हाला वर्गात लिहायचं होतं. मी लिहिलं, त्यांना गरज उरत नाही. सरांना ते पटलं.

आता पाहिलं, तर ॲप बदललं होतं आणि बटण वरच्या कोपऱ्यात गेलं होतं. टिकलीच्या वर नुसती पांढरी जागा होती. सोडून गेली असं आपण ज्यांना म्हणतो, त्यांतली किती माणसं अजून जुन्याच जागी बोट ठेवून वाट बघत असतील, कोण जाणे.

"आई, अगं बटण सरकलंय. सांगितलं का नाहीस?"

"रोज दाबत हुते की. मला वाटलं, तूच बंद केलंस. मैतरणींम्होरं माझं तोंड नगं वाटत असंल."

मी टिकली नखाने काढून वरच्या कोपऱ्याशी लावली. तसं काही नव्हतं, असं लगेच म्हणायला हवं होतं. पण एकदा, खोलीत मैत्रिणी असताना, मी तिचा कॉल नुसता वाजू दिला होता.