शेजारच्या चुली

जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची आईची बाटली परवा फडताळात सापडली आणि तळेघरची ती थंडीतली सकाळ आठवली. पुण्यात राहणाऱ्या माझ्या तीन भावांपैकी थोरला गेल्याचा निरोप पहाटे आला होता. घोडेगावच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "मेंदू घाबरला की काळजाला पळवतो. यांचं काळीज आता पळण्याजोगं नाही." म्हणून डॉक्टर येईपर्यंत आईला काही सांगायचं नाही असं ठरलं. मुद्दाम चूल पेटवून मी नाचणीची भाकरी तिच्यापुढे ठेवली. पण निरोप गावभर झाला होता, आणि गावातलं माणूस कुठंही गेलं तरी दहन होईपर्यंत गावात कुणी चूल पेटवत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आई उंबऱ्याशी गेली. आमचं घर सोडलं तर एकाही कौलावर धूर नव्हता. "कोन गेलं रं?" "कुनी नाय आई, तू भाकर खा." "दुसऱ्याच्यातलं असतं तर तू सांगितलं असतंस," ती म्हणाली, "आपल्यातलंच हाय." मी तिचं मनगट धरलं. नाडी बोटांखाली उधळली होती. डॉक्टर पोचण्याआधी ती गेली. आता वाटतं, मी नाव न सांगितल्यामुळे त्या घटकेला तिच्या मनात पुण्यातले तिघेही मेले असतील.