ॲपल पायचा अर्धा वाटा

साउथहॅम्प्टनला बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक अमेरिकन डायनर आहे. मालक तरुणपणी न्यूयॉर्कला जाणाऱ्या बोटींवर स्वयंपाकी होता. तिथली डायनर्स बघून तो इतका खुळावला, की बोट सोडल्यावर त्यानं इथं तसंच्या तसं एक उभं केलं. लांबलचक काउंटर, समोर जमिनीत रोवलेली गोल फिरती स्टुलं, खिडकीशी लाल रेक्झिनचे बाक आणि काचेच्या झाकणाखाली ॲपल पाय. कॉफीचा मग रिकामा दिसला की वेट्रेस न विचारता पुन्हा ओतते. कॉफी बेताचीच असते, पण फुकट ओतलेली असल्यामुळे तिला नावं ठेवता येत नाहीत.

मी रेडिओलॉजिस्ट. आठवडाभर हॉस्पिटलच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छात्या, पोटं, डोकी आतून बघायची आणि रिपोर्ट लिहायचे, हे माझं काम. माणसाचा चेहरा क्वचितच दिसतो. त्यामुळे असेल, शनिवारी सकाळी मला चेहरे असलेली माणसं लागायची. बारा-तेरा वर्षं मी दर शनिवारी त्या काउंटरवर नाश्ता केला. भारतात गेलेलो असलो तरच खंड.

माझ्या डाव्या हाताच्या स्टुलावर बंदरातला एक रिटायर्ड क्रेनवाला बसायचा. पहिल्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "ते स्टूल कुरकुरतं. हे घे." त्यानंतर ते स्टूल माझं झालं. तो फुटबॉलवर बोलायचा, क्रूझचे प्रवासी सुटकेसा घेऊन कसे रस्त्यात मधोमध उभे राहतात यावर बोलायचा, मी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, नावानं बोटं मोडायचो. एकमेकांच्या घरी कधी गेलो नाही. मला त्याचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. पण त्याच्या उजव्या खांद्याच्या हाडाची, कॉलरबोनची, सगळी कथा पाठ होती. क्रेनच्या शिडीवरून तो पडला, हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसवली. "सात स्क्रू," तो नव्या माणसाला हमखास सांगायचा, "आणि शेवटचा तिरका. सर्जनला चहाची घाई होती." मग शर्टावरून त्या स्क्रूंचे उंचवटे चाचपायला लावायचा. मी ते अनेकदा चाचपले.

मधे त्याला हार्ट अटॅक येऊन गेला. तो परत यायला लागला तेव्हा मी त्याला पथ्य लावलं. तो काही माझा पेशंट नव्हता, मला कुणी विचारलंही नव्हतं. पण एखाद्यावर जीव जडला की त्याच्या ताटातलं काढून घ्यायचं ही आमची जुनी खोड. बेकन बंद झालं नाही, तेवढी माझी पोच नव्हती. ॲपल पायवर मात्र मी अडून बसलो. अखेर तडजोड झाली, तुकडा एकच मागवायचा आणि त्यातला अर्धा मी खायचा. तो त्याला 'डॉक्टरचा टॅक्स' म्हणायचा. वेट्रेस न सांगता दोन काटे ठेवायला लागली. मला पायमधली दालचिनी आवडत नाही. तरी मी कित्येक वर्षं तो टॅक्स इमानेइतबारे वसूल केला.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका बुधवारी छातीचा एक सीटी स्कॅन माझ्यापुढे आला. नाव वाचून काही कळलं नाही. उजव्या फुप्फुसात गाठ होती, लिव्हरमध्येही पसरलेलं दिसत होतं. मी मापं घेतली. मग हाडं बघायला वर गेलो तर उजव्या कॉलरबोनवर पट्टी होती. मी स्क्रू मोजले. सात होते. शेवटचा तिरका होता.

मला काही वाटलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, जे झालं ते सांगतोय. मी रिपोर्ट पुरा केला, त्यावर 'अर्जंट' टाकलं, पुढचा स्कॅन उघडला. तो कुणाच्या तरी गुडघ्याचा होता.

आता आमचा नियम असा, की रेडिओलॉजिस्ट पेशंटला काही सांगत नाही. क्लिनिकमधून फोन जातो, माणसाला बोलावतात, शेजारी नर्स बसते, मग कन्सल्टंट नीट सांगतो. नियम चांगला आहे. मी ज्युनियर्सना तो घसा फोडून शिकवलेला आहे. त्याचा फोन पुढच्या आठवड्यात जाणार होता आणि मधे शनिवार होता.

शनिवारी मी उठून तसाच खुर्चीत बसून राहिलो. बायको म्हणाली, "अरे, आज डायनर स्किप करतोयस? आर यू ओके? बरं नाहीये का?"

"जातोय," म्हटलं. गेलो नसतो तर त्याला शंका आली असती, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला त्याला बघायचं होतं.

गाडीत मी नेहमीचा चेहरा करून आरशात पाहिला. बरा जमला होता. डायनरमध्ये तो आधीच येऊन बसला होता. जरा वाळला होता, खोकत होता. मी विचारलं नाही. त्यानं फुटबॉल काढला, मी वेटिंग लिस्ट काढली, सगळं रीतसर चाललं होतं. ॲपल पाय आला. त्यानं काट्यानं मधोमध कापला आणि माझा वाटा माझ्याकडे सरकवला.

मी प्लेट परत सरकवली. "आज तूच घे सगळा."

"का?"

"माझं पोट भरलंय." तेवढ्यावर थांबायचं, तर मी वेट्रेसला हाक मारली आणि त्यावर क्रीम घालायला सांगितलं. वर्षानुवर्षं ज्या क्रीमसाठी मी त्याच्यावर डोळे वटारले होते, ते. तो म्हणाला, "नको, राहू दे." मी म्हणालो, "घे रे, एवढंसंच तर आहे." आमच्या आईचा स्वर माझ्या तोंडून आला, फक्त इंग्रजीत.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून सगळं संपवलं. त्यानंतर तो फारसा बोलला नाही. मला वाटलं, निभावलं.

गाडीत बसून किल्ली लावली आणि मला पुण्याचे शेजारचे काका आठवले. त्यांना डायबिटीस होता. काकू साखरेचा डबा कुलपात ठेवायच्या, जिलबीचं नाव काढू द्यायच्या नाहीत. एका दिवशी त्यांनी काकांना बासुंदीची वाटी दिली, वर दुसरी वाढली आणि "घ्या हो, एवढीशी तर आहे" म्हणाल्या. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. मला कुणी काही समजावलं नाही. पथ्य सुटलं म्हणजे काय हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं. मी समजत होतो ते आमच्याकडेच कळतं.

तो पुढचे तीन शनिवार आला नाही. चौथ्या शनिवारी आला तेव्हा कोट त्याला दोन मापं मोठा झाला होता. कॉफी ओतून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुवारी फोन आला त्यांचा. पण मला शनिवारीच कळलं होतं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, माझं आटपलं, डॉक्टरनं टॅक्स सोडला. तिला वाटलं मला वेड लागलं."

मी कॉफी ढवळायला लागलो.

"तू पाहिलं होतंस का?"

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो.

त्यानं शर्टावरून खांद्याचं हाड चाचपलं. बराच वेळ चाचपत राहिला. नियम पाळायचा तर तेव्हाही गप्प बसायला हवं होतं.

"शेवटचा तिरकाच आहे," मी म्हणालो.

तो हसला. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत मी पाण्याचा ग्लास धरून बसलो. मग शांतपणे म्हणाला, "शनिवार ते गुरुवार, पाच दिवस. ते पाच दिवस मला हे न कळता हवे होते रे. मी कुंडीत ट्युलिपचे कंद लावणार होतो."

त्याला राग आलेला नव्हता. आला असता तर मला बरं वाटलं असतं. मी सॉरी म्हटलं. रिपोर्ट लांबला की फोनवर म्हणतो तसंच निघालं, गुळगुळीत. आतून काही येईना. चिमटा काढावा आणि कळू नये, तसं झालं होतं मला, आणि ते अजून पुरतं गेलेलं नाही. तो एप्रिलमध्ये वारला. वेट्रेसनं मला सांगितलं तेव्हा ती रडत होती. मी तिला टिश्यू दिला आणि अंडी मागवली.

शेवटचा आला होता तो मार्चमध्ये. त्याची बायको गाडीत बसून राहिली, म्हणाली, तुम्ही बसा दोघं. स्टुलावर चढायला त्याला माझा हात लागला. त्यानं ॲपल पाय मागवला. दोन काटे आले. त्याला तेव्हा घोटभर सूपसुद्धा गिळवत नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. त्यानं तुकडा कापला नाही. अख्खी प्लेट माझ्यापुढे सरकवली आणि वेट्रेसला क्रीम घालायला सांगितलं.

"नको," मी म्हणालो.

"घे रे," तो म्हणाला, "एवढंसंच तर आहे."

मी काटा उचलला. दालचिनीची चवही लागली नाही. तो हनुवटीखाली हात घेऊन बघत बसला होता, आणि तो बघत होता म्हणून मी सगळं खाल्लं.