बोटीवर भिजवलेल्या दोन टोप्या

समुद्रात फिरायला जाणाऱ्या माणसाने डोक्यावर काय घालू नये, हे सांगणारा कागद आमच्या घरी आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते.

कागद खताच्या कंपनीचा होता. आमच्या मालकांचं वडगाव रासाईला खता-बियाण्यांचं दुकान आहे. त्या वर्षी दुकानातून खत एवढं खपलं, की कंपनीने खूश होऊन आम्हा दोघांना मुंबईहून मोठ्या बोटीवर तीन दिवस फिरवायचं ठरवलं. शिवाय बोटीवर मालकांचा स्टेजवर सत्कार! आमच्या घरात त्याआधी सत्कार झाला होता तो फक्त एका बैलाचा.

कागद इंग्रजीत, म्हणून सुनेने वाचला.

"आप्पा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॉर्मल नाइट आहे. सत्कार तेव्हाच. पुरुषांनी कोट, पँट, टाय आणि बूट. हाफ पँट चालणार नाही."

"हाफ पँट मी घालतो कवा?"

"चप्पल चालणार नाही."

"बरं, न्हाई घालत."

"आणि डोक्यावर टोपी चालणार नाही."

सगळे मालकांच्या टोपीकडे बघत बसले. तव्यावरची भाकरी तेवढी फुगली.

आमचे मालक टोपी काढतात ती अंघोळीला आणि झोपताना. आमच्याकडे जुन्या वळणाचा पुरुष उघड्या डोक्याने चारचौघांत दिसला, की लोक जवळ येऊन हळू आवाजात विचारतात, "कोण गेलं?" त्यातून यांचं कपाळ! भुवयांच्या वर दोन बोटांवर टोपीची रेघ आहे. रेघेच्या खाली करवंद आणि रेघेच्या वर सोललेला बटाटा. एकाच माणसाची दोन माणसं दिसतात.

पुढचे पंधरा दिवस दुकानात खत कमी आणि मतं जास्त विकली गेली. कोट शिवणारा शिरूरचा टेलर म्हणाला, "आप्पा, कोटावर टोपी म्हंजी लोक तुम्हाला निवडणुकीला उभं राहिल्यालं समजत्याल." न्हावी म्हणाला, "टोपी काढणार असाल तर आधी मला दाखवा, आत काय शिल्लक हाय ते बघून ठेवतो." एक पाहुणे म्हणाले, "पाहुण्याच्या घरी पाहुण्याची रीत पाळावी." त्यावर दुसरे उसळले, "मंग त्यो बोटवाला वडगावला आला तर धोतर नेसंल का?"

माझं मत कुणी विचारलं नाही. पण मला मत होतं. बायकांनी गाऊन किंवा साडी, असं कागदात लिहिलं होतं. साडी माझ्याकडे होती, त्यामुळे मला तो नियम फार शहाणा वाटला. (आपल्याला न टोचणारा नियम नेहमी शहाणाच असतो!)

बोटीवर गेलो. बोट कसली, आख्खा साखर कारखाना पाण्यावर सोडलेला! पहिल्या रात्री जेवणाला सगळे खतवाले एकत्र बसले. त्यात आमच्या मालकांची पांढरीशुभ्र टोपी लांबून दिसत होती. माझ्या शेजारी कवठे येमाईच्या दुकानदारांची बायको होती. अंगाला सेंटचा वास, नखांना रंग. ती मला हळूच म्हणाली, "वैनी, उद्याच्याला तुमच्या ह्यांना टोपी काढायला सांगा बरं का. आमच्या ह्यांनी घरीच ठिवली. उलट येताना केसं काळी करून आणली."

"सांगते की," मी ताटात बघत म्हणाले.

"न्हाई, तुमचंच हसू हुईल म्हणून म्हटलं."

मी खाली मान घालून जेवले. खरं लिहायचं तर मला त्या वेळी आमच्या मालकांची लाज वाटली. ज्या माणसाने पोरांना शिकवलं, दुकान उभं केलं, मला एका शब्दाने कधी दुखावलं नाही, त्याची लाज! तीही एका टोपीपायी, आणि नखं रंगवलेल्या बाईपुढे!

सकाळी मी खोलीत विषय काढला. "अवं, एका सांजंचा तर प्रश्न हाय."

ते आरशात बघून टोपी नीट करत होते. म्हणाले, "बरं. तू स्टेजपुढं डोईवरला पदर काढून बस. मी टोपी काढतो."

माझा हात पटकन पदरावर गेला.

"बघ," ते म्हणाले, आणि विषय संपला.

विषय त्यांचा संपला, माझा नाही. दुपारी जेवून ते झोपले. टोपी उशाशी ठेवलेली. मी ती उचलली आणि न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये साबणाच्या पाण्यात बुडवली. मग आठवलं, बॅगेत एक जादा टोपी आहे. तीही बुडवली. (एक भिजवली तर माणूस दुसरी घालतो, एवढा हिशोब चौथी शिकलेल्या बाईलाही येतो.) नुसत्या टोप्या भिजवलेल्या बऱ्या दिसणार नाहीत, रोजचं धुणं वाटावं, म्हणून वरून माझा नवा लाल परकरही टाकला. तिथं माझी अक्कल बुडाली.

संध्याकाळी मालक उठून कपडे करायला लागले, तेव्हा बघते तर बेसिनमध्ये दोन गुलाबी टोप्या! नुसत्या गुलाबीसुद्धा नाहीत. लग्नात बर्फीला असतो ना, तसला रंग!

तेवढ्यात कोट-टाय चढवून तयार झालेल्या मालकांचा मागून आवाज आला. "माझी टोपी कुठं हाय?"

"मळली हुती, म्हणून धुवायला टाकली."

"आन् दुसरी?"

"तीबी... मळली हुती."

"बॅगंत बसून मळली?"

त्यांनी बेसिनमध्ये डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ही घालून स्टेजवर जाऊ? मी काय बँडवाला हाय का?"

"मंग... तसंच चला की. कागदात बी तसंच लिवलंय."

"मी सुतकात न्हाई," असं म्हणून ते पलंगावर बसले. पायात बूट, गळ्यात टाय, अंगात कोट, आणि वर सोललेला बटाटा. "सत्काराला मी येत न्हाई. माझं बक्षीस राहू गावच्या दुकानदार तात्यांना घ्यायला सांग."

या सत्कारासाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पायात मोजे घातले होते! रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आरशापुढे बक्षीस घ्यायची सवय करत होते. आधी डावा हात पुढे करायचा की उजवा, हे सुनेला विचारत होते. आणि मी ते सगळं साबणाच्या पाण्यात कालवलं होतं. सत्काराला अर्धा तास उरला होता.

खोलीत इकडेतिकडे बघताना टेबलावरचा जेवणातला रुमाल दिसला. पांढरा, जाड, कडक खळ केलेला. (सकाळच्या नाष्ट्याची दोन केळी मी त्यात बांधून आणली होती. त्याचीही लाज वाटते, पण आज किती लाजा लिहू?) मी केळी बाजूला काढली, रुमालाला घडी घातली, दोन्ही टोकं आत मुडपली आणि बांगडीतल्या दोन सेफ्टी पिना काढून लावल्या. टोपी झाली! फक्त रुमालाच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याने बोटीचं चित्र काढलेलं होतं, ते बरोबर कपाळावर आलं.

मालकांनी घातली. आरशात बघितलं. म्हणाले, "बसली की!"

हॉलच्या दारावर पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस उभा होता. त्याने हात आडवा केला. "सर, टोपी अलाउड नहीं है."

मालकांनी कपाळावर बोट ठेवलं. "ये तुम्हारीच हाय. चित्र देखो."

त्याने चित्र पाहिलं. आपल्याच बोटीला अडवावं की सलाम करावा, त्याला कळेना. शेवटी त्याने सलाम केला.

मी सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत बसले, तोच राहूचे तात्या आमच्या टेबलाशी आले. तेही जुने टोपीवाले. नियमापायी बिचारे उघड्या डोक्याने आले होते आणि एक हात सारखा टाळूवर ठेवून होते.

"आप्पा, ही कंपनीनं दिली व्हय? आम्हाला कशी न्हाई दिली?"

"मालकिणीनं केली."

तात्या माझ्याकडे वळले. "वैनी, मी एकटा उघडा कशाला? मला बी एक करा."

मी टेबलाखाली हात घालून त्यांच्या रुमालाची टोपी केली. ती बघून पलीकडच्या टेबलावरचे दोघे आले. मग चौघे. माझ्या बांगडीतल्या पिना संपल्या, तशा बाकीच्या बायकांनी आपापल्या काढून दिल्या. मला नको म्हणता येईना. मला तसंही कुणाला काही म्हणता येत नाही! बघता बघता निम्म्या पुरुषांच्या डोक्यावर बोट तरंगायला लागली. कवठ्याचे दुकानदारसुद्धा काळ्या केसांवर टोपी चढवून बसले. नखं रंगवलेली वहिनी माझ्याकडे बघेना. तिकडे वाढपी रुमाल शोधत फिरत होते आणि माणसं सूप पिऊन तोंड टायला पुसत होती.

कंपनीचे साहेब घाम पुसत आले. "अहो, ही फॉर्मल नाइट आहे! दूध डेअरीची सभा नाही! कुणी सुरू केलं हे?"

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

मी पदर नाकापर्यंत ओढला. तेवढ्यात स्टेजवरून आमच्या मालकांचं नाव पुकारलं. ते गेले. त्यांनी बक्षीस घेतलं, उजव्या हाताने, अगदी सवय केल्यासारखं. टाळ्या झाल्या. आता खाली यावं की नाही? पण त्यांनी माइकच हातात धरला!

"मला भाषण येत न्हाई. एकच सांगतो. आज माझी टोपी भिजली हुती आन् मी खोलीत रुसून बसलो हुतो. ह्या बाईनं रुमालाची टोपी करून माझा आब राखला. ह्यो सत्कार तिचा बी हाय. ये गं वर!"

टाळ्या थांबेनात. तात्यांनी मला जवळजवळ ढकललंच. मी स्टेजवर कशी गेले, ते मला अजून आठवत नाही. माइक धरणारी मुलगी म्हणाली, "काकू, दोन शब्द बोला ना."

मी जन्मात चार माणसांपुढे बोलले नाही. गावात हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली तरी मी पाणी प्यायला उठते. समोर दोनशे माणसं, त्यात पन्नास टोप्या, सगळ्या मी केलेल्या. "धन्यवाद" एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले,

"टोपी भिजली न्हाई. मी भिजवली. मुद्दाम. दोन्ही."

हॉलमध्ये चमचा पडला तर ऐकू आला असता. एक पडलाच, ऐकू आला. मग तात्या जे हसायला लागले, ते सगळ्यांना हसवूनच थांबले. मालक मात्र हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

सकाळी गुलाबी टोप्या खोलीबाहेरच्या कठड्यावर वाळत घातल्या होत्या. मालक चहा पीत होते. मी म्हणाले, "चुकलं माझं."

त्यांनी समुद्राकडे बघत विचारलं, "तुला माझी लाज वाटली का?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण आदल्या दिवशी मी माइकवर खरं बोलून बसले होते, आता मागं येता येत नव्हतं. "व्हय," मी म्हणाले.

त्यांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. "मला न्हाई वाटली तुझी. त्या सगळ्या बायकांत तू एकटी डोईवर पदर घिऊन बसली हुतीस, तवा न्हाई."

एवढं बोलून त्यांनी कठड्यावरची एक टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली. बोटवाल्यांनी उतरताना रुमाल मोजून परत घेतले, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. मुंबईपासून गावापर्यंत ते गुलाबी टोपीत आले. गाडीत बसलेली माणसं आधी टोपीकडे बघत, मग माझ्याकडे. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. ऊस सोडून त्या रस्त्याला बघण्यासारखं काही नाही, तरी बघत राहिले.

न्हावऱ्याच्या चौकात गाडी बदलायला उतरलो, तर ओळखीचे चौघेजण धावत आले. आमच्याकडे टोपीचा रंग बदलला की माणसाचा पक्ष बदलला असं समजतात.

"आप्पा, ह्यो कंचा पक्ष? नवा निघाला का?"

"व्हय," मालक शांतपणे म्हणाले. "अध्यक्षीणबाई ह्या मागं हुभ्या हायत."

तेव्हापासून सगळा गाव मला अध्यक्षीणबाई म्हणतो. ज्या बाईला हळदीकुंकवात नाव घेता येत नाही ती अध्यक्षीण! पक्षात सभासद दोनच आहेत. त्यातल्या एकाला अजूनही अध्यक्षीणबाईंची लाज वाटत नाही, आणि मला आता लाज वाटते ती एकदा त्याची लाज वाटली याचीच.