हर्टिनाची वाकलेली पाठ

...नाही नाही, ते खोड. ‘लाडकी बहीण’ नको लिहूस, जोलीन. लाडकी कुठली! मावसबहीण हर्टिना, एवढंच लिही. अमेरिकेत लेकीकडे बसलीय, दात अजून सगळे शाबूत आहेत म्हणे मेलीचे.

आम्ही दोघी आपल्या एबाय बेटावरून सकाळच्या बोटीने समोरच्या बेटावर जायचो, अमेरिकनांच्या तळावर झाडलोटीला. मी जेवणाच्या हॉलचे संडास घासायची. आणि हिला मिळाला लाल पट्टीचा बिल्ला! सगळ्या बेटांवरचे रडार जिथे एकत्र जोडलेत ना, त्या खोलीचा. आपल्यातल्या एकाच बाईला तो मिळायचा.

बोटीत बसली की हिचं सुरू. “लिबोन, आपण झावळ्यांचा दोर धरून मासे घेरतो की नाही? एकाला दिसला की तो ओरडतो, मग सगळे आवळतात. तस्संच बघ. लांबून क्षेपणास्त्र आलं की एका बेटावरच्या रडारला दिसतं, ते बाकीच्यांना कळवतं, सगळ्यांचं मिळून एकच चित्र पडद्यावर येतं. मग साहेब हुकूम देतो आणि तिसऱ्याच बेटावरून दुसरं उडतं, त्याला पाडायला.”

“हुकूम तूच देतेस वाटतं?”

“मी पडदा पुसते गं. मी नाही पुसला तर त्यांना दिसणार काय, धूळ?”

सगळी बोट हसायची. माझा मात्र नुसता जळफळाट. डब्यातला भात गोड लागायचा नाही.

एक दिवस तिथला गार्ड, वॉल्डन, माझ्याकडे आला. “तुझी बहीण त्या खोलीत सारखी वाकून वाकून का चालते? लपते का? काही बघते का?”

आता बसलेल्या माणसांसमोरून ताठ जायचं नाही, हे तुलासुद्धा चालायला लागल्यापासून ठाऊक आहे. एवढंच सांगायचं होतं गं. मी म्हटलं, “मला काय माहीत? तिलाच विचारा.”

विचारतात कुठले! दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच तिचा बिल्ला काढून घेतला. परतीच्या बोटीत तिने मला विचारलं, “वाकले त्यात माझं काय चुकलं गं?” मी समुद्राकडे बघत बसले.

आठवड्याने तोच बिल्ला माझ्या गळ्यात. घरीसुद्धा मिरवला असता, पण संध्याकाळी धक्क्यावर ठेवून घ्यायचे.

पहिल्या दिवशी बादली घेऊन आत गेले. गारठलेली, अंधारी खोली. माणसं रांगेने बसलेली. आणि माझी पाठ आपोआप वाकली बघ! ताठ व्हायला गेले, होईना. दारात वॉल्डन. “तूसुद्धा?”

मग काय, सांगावंच लागलं. “साहेब, बसलेल्यांचा मान राखून आम्ही असंच जातो. हर्टिनाही तेच करत होती.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

मी लादी पुसायला लागले.

त्यांनी तिला बोलावणं धाडलं, पण तोवर ती लेकीकडे निघून गेली होती. बिल्ला नऊ वर्षं माझ्याकडेच राहिला. पण मला पडद्याला एकदाही कुणी हात लावू दिला नाही. तिला कसा लावू द्यायचे? अजून सलतं मला ते.

तू परवा विमानाने तिच्याकडेच उतरणार ना? ही चटई तिला दे. आणि हे वाचून दाखव, एक ओळ न गाळता. म्हणावं, वाकलीस त्यात तुझं काही चुकलं नव्हतं. लिबोनला ठाऊक होतं, ती बोलली नाही. आणि हो, विचार तिला, पडदा खरंच पुसायचीस का गं?